पडदा कोणासाठी? ऑनलाईन लिलाव आणि बोलीदाराचे नाव

लिलाव म्हटला की गावातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे चावडी येते. दवंडी पिटली जाते, माणसे जमतात, 'एक वार, दोन वार, तीन वार' असा पुकारा होतो आणि बोली तुटते. कोण बोलला, किती बोलला, कोणाच्या नजरेला नजर भिडताच कोण गप्प बसला, हे साऱ्या गावाला दिसते. आता हा लिलाव संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. बँकेने ताब्यात घेतलेले घर, नदीतली वाळू, कोळशाची खाण, शेतकऱ्याचा माल, सरकारी कचेरीतले भंगार आणि मोबाईल कंपन्यांना लागणाऱ्या लहरीसुद्धा आज ऑनलाईन लिलावाने दिल्या जातात. पडद्यावर आकडा वाढताना दिसतो, पण तो वाढवणारा माणूस दिसत नाही. बहुतेक ठिकाणी त्याचे नाव झाकलेले असते.

हे नाव झाकावे की उघडे ठेवावे, असा हा वाद आहे. एक बाजू म्हणते, बोलीदाराची खासगी माहिती सुरक्षित राहिली पाहिजे. दुसरी म्हणते, नाव झाकले की लबाडी सुरू होते. वरवर पाहता हा संगणकवाल्यांचा आणि व्यापाऱ्यांचा प्रश्न वाटतो. परंतु ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या लिलावाच्या वर्तुळात उभेच राहू दिले गेले नाही, ज्याचे आडनाव ऐकताच समोरच्याचा सूर बदलतो, त्या समाजाने हा प्रश्न दुसऱ्यांवर सोडून चालणार नाही. नाव झाकण्यात आपला फायदा कोठे आहे आणि तोटा कोठे आहे, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

रुमालाखालचा सौदा

आपल्या बाजारपेठांना गुप्ततेचा अनुभव जुना आहे. पूर्वी कापसाच्या आणि गुरांच्या बाजारात 'हत्ता' पद्धत चालत असे. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असे, पण रुमालाखाली काय ठरले ते त्याला कळत नसे. अडत्या सांगेल तो भाव त्याने मान्य करायचा. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला, १९२८ च्या शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांताने १९३९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६३ मध्ये बाजार समित्यांचे कायदे केले. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट निश्चित झाली, ती म्हणजे मालाचा भाव उघड्यावर ठरला पाहिजे. अडत्यांची मक्तेदारी यामुळे संपली असे कोणी म्हणणार नाही, पण निदान रुमाल तरी दूर झाला.

याच बाजारात १४ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, केंद्र सरकारने 'ई-नाम' हा राष्ट्रीय ऑनलाईन कृषी बाजार सुरू केला. आठ राज्यांतल्या २१ बाजारांपासून त्याची सुरुवात झाली. गावच्या दोन-चार व्यापाऱ्यांनी आपसात भाव पाडू नये, दूरच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता यावी, हा त्यामागचा हेतू होता.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. रुमालाखाली किंमत झाकलेली होती आणि माणसे उघडी होती. आजच्या ऑनलाईन लिलावात बहुधा किंमत उघडी असते आणि माणसे झाकलेली असतात. म्हणून 'गुप्तता वाईट' किंवा 'गुप्तता चांगली' असे एका वाक्यात सांगता येत नाही. काय झाकले, कोणापासून झाकले आणि किती वेळ झाकले, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

ईबेवर काय घडले?

ऑनलाईन लिलावाची सर्वांत मोठी पेठ अमेरिकेतली ईबे. १९९५ साली ती सुरू झाली. मुंबईची बाझी डॉट कॉम ही कंपनी तिने २००४ मध्ये विकत घेतली आणि काही वर्षे आपल्याकडेही तिच्या नावाने व्यवहार चालले. २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झाली. सुरुवातीच्या काळात ईबेवर कोणत्या टोपणनावाने कोणी किती बोली लावली, हे कोणालाही पाहता येत असे.

मे २००० मध्ये तेथे एक चित्र विक्रीला आले. २५ सेंटपासून सुरू झालेली बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरवर गेली, कारण ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचे असावे असा भास निर्माण करण्यात आला होता. पुढे उघडकीस आले की विक्रेत्यानेच दुसऱ्या नावाने स्वतःच्या चित्रावर बोली लावली होती. त्याचे साथीदारही एकमेकांच्या मालाच्या बोली खोट्या नावांनी चढवीत होते. ईबेने विक्री रद्द केली आणि २००१ मध्ये तिघांवर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. दुर्दैवाने तो विक्रेता आमच्याच पेशातला, म्हणजे वकील होता. बोलीदारांची टोपणनावे उघडी असल्यामुळे ती एकमेकांशी जुळवून पाहणे बाहेरच्या माणसांनाही शक्य होते, हे या प्रकरणातून दिसले.

मात्र या उघडेपणाचा फायदा दुसरे ठकसेनही घेऊ लागले. लिलावात हरलेल्या बोलीदाराची ओळख पाहून ते त्याला निरोप पाठवीत की, पहिला गिऱ्हाईक फिरला आहे, माल तुम्हाला देतो, पैसे पाठवा. माल नसायचाच. ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी तक्रारी केल्या. म्हणून २००६-०७ च्या सुमारास ईबेने आधी महागड्या वस्तूंच्या आणि नंतर सर्वच लिलावांतील बोलीदारांची ओळख झाकली. दोन अक्षरे आणि मध्ये फुल्या, एवढेच इतरांना दिसू लागले. पूर्ण ओळख फक्त विक्रेत्याला दिसे.

यावर ग्राहकांनी घेतलेला आक्षेप चुकीचा नव्हता. खोटी बोली लावून घेणारा हा बहुतेक वेळा विक्रेताच असतो. त्याला सर्व काही दिसते आणि ज्याची फसवणूक होते त्या खरेदीदारालाच काही दिसत नाही, हा कोठला न्याय? इंग्लंडमध्ये २०१० साली ब्रॅडफर्डच्या न्यायालयाने स्वतःच्याच मालावर दुसऱ्या नावाने बोली लावणाऱ्या एका ईबे विक्रेत्याला पाच हजार पौंड दंड आणि अडीचशे तास समाजसेवेची शिक्षा दिली. त्या देशातली ही अशा प्रकारची पहिली शिक्षा मानली जाते. नावे झाकल्यावरही लबाडी थांबली नव्हती, ती पकडण्याचे काम फक्त कंपनी आणि सरकारी यंत्रणेकडे गेले होते.

ईबेने मधला मार्ग म्हणून झाकलेल्या नावासोबत काही माहिती दिली. या बोलीदाराने गेल्या ३० दिवसांत किती बोली लावल्या आणि त्यांतल्या किती टक्के याच एका विक्रेत्याच्या मालावर आहेत, हे दाखवायला सुरुवात केली. एखादा माणूस पुन्हा पुन्हा एकाच विक्रेत्याची बोली चढवतो आहे, हे कळायला त्याचे नाव-गाव कळण्याची गरज नसते. हा मुद्दा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

सारे उघडे असले तरी

आता दुसरी बाजू. सगळी नावे आणि सगळे आकडे उघडे ठेवले म्हणजे लबाडी संपते, अशी भाबडी समजूत काही कार्यकर्त्यांची असते. अमेरिकेतल्या लहरींच्या लिलावाने ती खोटी ठरवली आहे.

तेथील दूरसंचार आयोगाने १९९४ पासून संगणकावर लहरींचे लिलाव सुरू केले. प्रत्येक फेरीनंतर कोणत्या कंपनीने कोणत्या शहरासाठी किती बोली लावली, हे सर्वांना सांगितले जाई. १९९६-९७ च्या लिलावात काही कंपन्यांनी कोट्यवधींच्या बोलीच्या शेवटच्या तीन आकड्यांत निरोप पाठवायला सुरुवात केली. टेक्सासमधल्या लबक या बाजाराचा क्रमांक होता २६४ आणि अमॅरिलोचा ०१३. एका कंपनीला लबक हवे होते. तेथे आडवी येणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपनीला तिने बोलीच्या शेपटीला हे क्रमांक लावून बजावले की, तू लबक सोड, नाही तर मी अमॅरिलोत तुझा भाव चढवीन. चिठ्ठी नाही, फोन नाही. सरकारच्याच संगणकावर, सर्वांच्या देखत हे संगनमत चालले होते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने याबद्दल तीन कंपन्यांवर कारवाई केली. त्यानंतर आयोगाने बोलीचे आकडे ठराविक टप्प्यांतच टाकण्याची सक्ती केली आणि पुढे लिलाव चालू असताना बोलीदारांची नावे झाकण्याची पद्धत स्वीकारली.

ज्याला आपल्याकडचे ठेकेदार 'रिंग करणे' म्हणतात, ते हेच. रिंग टिकवायची तर आपल्यातला कोण फुटला हे कळावे लागते. नाव उघडे असेल तर फुटणाऱ्याला लगेच शिक्षा देता येते. नाव झाकले तर संशय सगळ्यांवर जातो आणि रिंग सैल होते. म्हणजे लिलाव चालू असताना नाव झाकणे हे स्पर्धेच्या हिताचे ठरू शकते. हे प्रस्थापितांच्या सोयीचे तत्त्वज्ञान म्हणून झटकून टाकता येणार नाही.

आडनाव हाच ज्याचा अडथळा

आपल्या गावांकडे पाहिले तर हाच मुद्दा अधिक तीव्र होतो. पाझर तलावातल्या मासेमारीचा ठेका, बाजारतळावरचा गाळा, गायरानाजवळच्या झाडांची फळे, पड जमिनीचा एक साली पट्टा यांचे लिलाव गावात होतात. वकिली करताना अशा प्रकरणांतली माणसे भेटतात. ती सांगतात, बोली लावायला पैसे नव्हते असे नाही, अनामत रक्कमही भरली असती, पण चावडीवर उभे राहून पाटलाच्या मुलाच्या वर बोली कशी लावायची? उद्या त्याच्याच विहिरीवरून पाणी, त्याच्याच बांधावरून वाट आणि त्याच्याच शेतात मजुरी. बोली लावण्याचा हक्क कागदावर असतो आणि तो वापरण्याची किंमत बोलीपेक्षा मोठी असते.

अशा माणसाला ऑनलाईन लिलावातला पडदा एक संधी देतो. पडद्यावर 'बोलीदार क्रमांक ४' एवढेच दिसते. त्या चाराचे आडनाव काय, वस्ती कोणती, हे समोरच्याला कळत नाही. लिलावाच्या आदल्या रात्री घरी येऊन दम देणारा कोणाच्या घरी जाणार? या अर्थाने हा पडदा गुप्त मतदानाच्या पडद्याचा भाऊ आहे. शेतमजुराने मत कोणाला दिले हे मालकाला कळू नये म्हणून मतपेटीभोवती पडदा आला. तेथे गुप्तता दुबळ्याच्या संरक्षणासाठी आहे आणि ती आपण प्राणपणाने जपली पाहिजे.

अर्थात पडदा लावला म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळाली असे मानणे ही फसवणूक होईल. ई-लिलावात उतरायचे तर पोर्टलवर नोंदणी लागते, पुष्कळ ठिकाणी डिजिटल सही लागते, अनामत ऑनलाईन भरावी लागते आणि सूचना बहुतांशी इंग्रजीत असतात. बचत गटाच्या बायकांना तलावाचा ठेका घ्यायचा असेल तर त्यांना तालुक्याच्या संगणकवाल्याच्या दारात बसावे लागते. आपली बोली तोच टाकतो आणि ती कोणाला सांगायची हेही त्याच्याच हातात राहते. असा पडदा पहिल्याच पायरीवर फाटतो.

डमी बोलीदाराचा खेळ

मात्र पडद्याआड फक्त दुबळाच उभा राहत नाही. पंजाबचे उदाहरण आपल्या चळवळीने नीट अभ्यासावे असे आहे. तेथे गावाच्या सामाईक शेतजमिनीचा, म्हणजे शामलात जमिनीचा, एक तृतीयांश हिस्सा अनुसूचित जातींना लिलावाने कसायला देण्यासाठी राखीव आहे. कायद्याने बोली लावणारा दलितच असला पाहिजे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे गावोगावचे जमीनदार आपल्या पदरच्या एखाद्या दलित माणसाला उभे करीत, अनामत आपण भरीत आणि जमीन आपणच कसत. कागदावर सारे नियमाप्रमाणे होते. २०१४ पासून जमीन प्राप्ती संघर्ष समितीने संगरूर आणि आसपासच्या भागात हा डमी बोलीदारांचा खेळ उघडा पाडला आणि दलित कुटुंबांनी एकत्र येऊन सामूहिक बोली लावण्याचा मार्ग धरला. त्यासाठी त्यांनी लाठ्या खाल्ल्या, बहिष्कार सोसला.

विचार करा, हा लिलाव उघड्यावर होता, म्हणून गावाला डमी ओळखता आला. अमका तर जमीनदाराच्या गोठ्यात राबतो, त्याच्याकडे लाखाची अनामत आली कोठून, हा प्रश्न नाव कळल्यामुळेच विचारता येतो. हेच सगळे 'बोलीदार क्रमांक ४' च्या आड झाले असते आणि लिलावानंतरही नाव झाकलेलेच राहिले असते, तर संघर्ष कोणाविरुद्ध करायचा?

मोठ्या भांडवलाच्या खेळातही हेच होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये कोळशाच्या २१४ खाणींचे वाटप रद्द केले आणि २०१५ मध्ये त्या ई-लिलावाने देण्यास सुरुवात झाली. पारदर्शकतेचा मोठा गाजावाजा झाला. परंतु कॅगने २०१६ च्या अहवालात दाखवून दिले की पहिल्या दोन टप्प्यांत लिलाव झालेल्या २९ खाणींपैकी ११ खाणींसाठी एकाच समूहाच्या एकाहून अधिक कंपन्या किंवा त्यांची संयुक्त कंपनी बोलीदार म्हणून उतरली होती. त्यामुळे पुरेशी स्पर्धा झाली अशी खात्री देता येत नाही, असे कॅगने म्हटले. पडद्यावर अनेक बोलीदार, पण काहींचे घर एकच! कॅगकडे कागद होते म्हणून हे समजले. खाणीसाठी ज्याची जमीन गेली त्या आदिवासीला हे कागद कोण दाखवणार?

कायद्याची भूमिका

आपल्या कायद्यात या वादाची उत्तरे बऱ्याच अंशी आहेत, ती वापरली जात नाहीत एवढेच. माल विक्री अधिनियम १९३० चे कलम ६४ सांगते की, विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल तर त्याला स्वतः बोली लावता येत नाही आणि दुसऱ्याकडूनही लाववून घेता येत नाही. तसे झाल्यास खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली वापरल्या तर विक्री रद्द करून घेण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. हा नियम ऑनलाईन लिलावातल्या मालालाही लागू होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ याच धर्तीवर आहे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय हुकूमनामाधारकाने बोली लावायची नाही आणि विक्रीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने तर अजिबात लावायची नाही. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३(३)(घ) नुसार संगनमताने बोली लावणे हे स्पर्धेला घातक असल्याचे गृहीतच धरले जाते. बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक करण्यात आला.

पण या प्रत्येक कलमाचा वापर करायचा तर एक गोष्ट हातात लागते, ती म्हणजे बोली लावणारा कोण होता याचे उत्तर. बोलीदार आणि विक्रेता एकच आहेत, किंवा दोन बोलीदार एकाच घरचे आहेत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर आणि माहिती मात्र समोरच्याच्या कुलपात, अशी ही स्थिती आहे.

माहितीच्या अधिकाराने ही कोंडी काही प्रमाणात फोडली होती. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४(१)(ख)(तेरा) प्रमाणे सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रे ज्यांना दिली त्यांचा तपशील सरकारी कार्यालयाने मागितल्याविना प्रसिद्ध करायचा असतो. मात्र अर्ज केला की कलम ८(१)(घ) मधले 'वाणिज्यिक विश्वास' किंवा ८(१)(ञ) मधली 'वैयक्तिक माहिती' पुढे करून नकार दिला जातो. त्यात आता भर पडली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ने कलम ८(१)(ञ) बदलले आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. पूर्वी या पोटकलमातच व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद होता आणि ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही तीच रोखता येत होती. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोनच शब्द नकारासाठी पुरेसे केले आहेत. वाळूचा ठेका घेणाऱ्याचे नाव हीसुद्धा वैयक्तिक माहिती आहे, असे उत्तर उद्या कचेरीतून आले तर नवल वाटू नये.

खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्याचे आपण स्वागतच केले पाहिजे, कारण राज्यसत्तेची आणि जातीची नजर सर्वांत आधी गरिबाच्या घरात घुसते. पण हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आहे. शेकडो कोटींची खाण घेणाऱ्या कंपनीचे भागधारक झाकण्यासाठी तो जन्मलेला नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना सर्वोच्च न्यायालयापुढे असाच वाद होता. देणगीदाराचा खासगीपणा मोठा की मतदाराचा माहितीचा हक्क? पाच न्यायमूर्तींनी एकमताने मतदाराच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर रोख्यांवरचे क्रमांक बाहेर आले आणि कोणाचे पैसे कोणत्या पक्षाला गेले हे जुळवता आले.

मतदार कोण, उमेदवार कोण?

मतदानाचाच दाखला पुढे नेऊ. निवडणुकीत मतदाराचे मत गुप्त असते, पण उमेदवाराला आपली मालमत्ता आणि आपल्यावरचे गुन्हे शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. मतदार दबावाला बळी पडू शकतो म्हणून त्याला पडदा दिला आहे आणि उमेदवार सत्ता मागतो म्हणून त्याच्यावर उजेड टाकला आहे. एकाच निवडणुकीत दोन्ही नियम सुखाने नांदतात.

लिलावातला बोलीदार बोली लावताना मतदारासारखा असतो. त्याला धमकावले जाऊ शकते, त्याला रिंगमध्ये ओढले जाऊ शकते. तोपर्यंत त्याचे नाव झाकलेले राहावे. पण बोली तुटली आणि सार्वजनिक मालकीची वस्तू त्याच्या हातात गेली की तो उमेदवारासारखा होतो. नदी गावाची आहे, खाण देशाची आहे, लहरी जनतेच्या आहेत. त्या कोणी घेतल्या, किती रकमेला घेतल्या आणि घेणाऱ्याच्या मागे कोण आहे, हे विचारणे ही चोंबडेगिरी ठरत नाही, तो मालकाने ठेवलेला हिशेब आहे.

खासगी वस्तूचे तसे नाही. कोणी जुने पुस्तक किंवा घड्याळ ऑनलाईन बोलीने घेतले तर त्याचे नाव जगाला कळण्याचे कारण नाही. तेथे खोट्या बोली पकडता येतील एवढी माहिती, म्हणजे प्रत्येक बोलीदाराचा कायम राहणारा क्रमांक आणि त्याच्या बोलींचा इतिहास, पुरेशी आहे. मात्र खासगी म्हणवल्या जाणाऱ्या लिलावातही कधी कधी साऱ्या समाजाचा ठेवा पुढे येतो. १८९८ साली पिप्राहवा येथे बुद्धांच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली होती. जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात परत आली. काय विकले जाणार आहे आणि ते कोणाकडून येत आहे, हे आधी जाहीर झाले होते म्हणूनच आक्षेप घेता आला. सौदा बंद दाराआड होऊन ती एखाद्या अनामिकाच्या तिजोरीत गेली असती तर आपल्याला पत्ताही लागला नसता.

एक रास्त शंका राहते. लिलावानंतर विजेत्याचे नाव उघडे केले तर तलावाचा ठेका जिंकलेल्या दलित कुटुंबावर गाव तुटून पडणार नाही का? पडू शकते. पण ते कुटुंब दुसऱ्या दिवशी तलावावर जाळे टाकणारच आहे, तेव्हा विजेत्याचे नाव झाकून राहणारे नाही. तेथे संरक्षण कायद्याने दिले पाहिजे. अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून घातला आहे. जमीन, पाणी यांवरील हक्काच्या उपभोगात अडथळा आणणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदा २०१६ चा आहे. हरलेल्या गरीब बोलीदाराची गोष्ट वेगळी. त्याच्या हाती काही लागलेले नसते आणि नाव फुटले तर रोष मात्र पदरात पडतो. म्हणून हरलेल्या व्यक्तीचे नाव सरसकट प्रसिद्ध करू नये. ते अधिकाऱ्याकडे आणि लेखापरीक्षकाकडे राहावे आणि संगनमताचा ठोस संशय असेल तेव्हा सार्वजनिक हित दाखवून मिळावे. कंपन्यांना ही सवलत नको. कंपनीला विहीर बंद होत नाही आणि तिच्या घराला आगही लागत नाही.

काय मागायचे?

यावरून आपल्या मागण्या स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक मालमत्तेच्या प्रत्येक ई-लिलावात बोली चालू असताना नावे झाकलेली असावीत आणि ती लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही दिसू नयेत, कारण बातमी तेथूनच फुटते. दुसरी, बोली तुटल्यावर ठराविक दिवसांत विजेत्याचे नाव, रक्कम, राखीव किंमत आणि क्रमांकवार बोलींचा पूर्ण इतिहास मराठीतून प्रसिद्ध व्हावा. तिसरी, बोलीदार कंपनीने आपले खरे मालक कोण आणि दुसऱ्या बोलीदाराशी आपले नाते काय, हे शपथपत्रावर द्यावे. ते खोटे निघाल्यास ठेका रद्द व्हावा. चौथी, अनामत रक्कम कोणाच्या खात्यातून आली याची तपासणी व्हावी, कारण डमी माणसाचे बिंग बहुधा तेथेच फुटते. पाचवी, अनुसूचित जाती-जमातींच्या सहकारी संस्थांना आणि बचत गटांना नोंदणी, डिजिटल सही आणि प्रशिक्षण तहसील कचेरीतून मोफत मिळावे.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. कलम ८(१)(ञ) बदलले असले तरी कलम ८(२) शाबूत आहे. माहिती रोखण्याने होणाऱ्या रक्षणापेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते सांगते. कलम १० प्रमाणे झाकण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावाच लागतो. म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी गेल्या तीन वर्षांतील वाळू, तलाव आणि गाळ्यांच्या ई-लिलावांची यादी मागावी. अर्जात 'सर्व माहिती द्या' असे मोघम लिहू नये. लिलाव क्रमांक, विजेत्याचे नाव, बोलीदारांची संख्या, क्रमांकवार बोली आणि अनामत भरल्याची तारीख एवढेच नेमके मागावे. नकार आला तर पहिल्या अपिलात कलम ४(१)(ख)(तेरा) आणि कलम ८(२) या दोन्हींचा आधार घ्यावा.

मिळालेल्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. एकच बोलीदार क्रमांक दर वर्षी दुसरा का येतो, तीनच्या तीन बोलीदारांची अनामत एकाच दिवशी का भरली गेली, राखीव किमतीच्या वर शंभर रुपयांतच बोली का तुटली, हे प्रश्न वहीत मांडावेत. ती वही वकिलाकडे न्यावी आणि गावच्या सभेतही वाचून दाखवावी.